सुट्टे आहेत का सुट्टे?

बसच्या कंडक्टरनं हातावर टेकवलेली चिल्लर तुम्ही शेवटची कधी नीट पाहिली होती? आठवत नाही ना? मोजली, खिशात टाकली, विषय संपला. यूपीआय आल्यापासून तर तेवढाही संबंध उरलेला नाही. घरातली नाणी टीव्हीजवळच्या वाडग्यात धूळ खात पडतात आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदम आठवतात. पण जगात अशीही मंडळी आहेत, जी परत मिळालेलं प्रत्येक नाणं उलटून, पालटून, उजेडात धरून बघतात. मित्र त्यांना चिक्कू म्हणतात, दुकानदार वैतागतात. त्यांच्यातल्याच एका पोराला शाळेच्या कँटीनमध्ये एक सेंट परत मिळाला. तो सेंट जानेवारी २०१९ मध्ये २ लाख ४ हजार डॉलरना विकला गेला. त्या वेळच्या हिशेबानं साधारण एक कोटी चाळीस लाख रुपये!

या पोराचं नाव डॉन ल्युट्स. वय १६, गाव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं पिट्सफील्ड, साल १९४७. जेवणाचे पैसे दिले आणि मोड हातात आली, त्यात १९४३ चा एक सेंट होता. रंग तांब्याचा. इथंच त्याची नजर अडकली, कारण १९४३ चे सेंट तांब्याचे नसायचेच. दुसरं महायुद्ध जोरात होतं आणि तांबं दारूगोळ्याला हवं होतं. म्हणून त्या एका वर्षी अमेरिकेनं जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे सेंट पाडले. थोडेथोडके नव्हे, शंभर कोटींच्या वर. पांढरट दिसणारी ही नाणी लोकांना अजिबात आवडली नाहीत, कारण घाईत ती दहा सेंटच्या नाण्यासारखी वाटायची.

मग तांब्याचा सेंट आला कुठून? जाणकारांचा अंदाज असा, की १९४२ च्या तांब्याच्या काही कोऱ्या चकत्या टांकसाळीतल्या पेट्यांच्या सांदीकोपऱ्यात अडकून राहिल्या. नव्या वर्षी पोलादी चकत्यांबरोबर त्या सुटल्या, छापाखाली आल्या आणि कुणाच्या लक्षात न येता पिशवीत जाऊन पडल्या. कोटीच्या कोटी नाणी पडत असताना दहा-वीस कोण बघतो?

त्या काळात अफवा होती, की असा सेंट आणून देणाऱ्याला हेन्री फोर्ड नवी कोरी गाडी देणार. डॉननं फोर्ड कंपनीकडे चौकशी केली. उत्तर आलं, असं काही नाही. मग सरकारला विचारलं. तिथून कळलं, की १९४३ मध्ये तांब्याचे सेंट पाडलेलेच नाहीत, सगळे पोलादाचे. म्हणजे हातात नाणं आहे आणि ज्यांनी ते पाडलं तेच म्हणतात, ते अस्तित्वात नाही! आपल्यापैकी नव्वद टक्के लोकांनी इथं कंटाळून तो खर्चून टाकला असता. या पठ्ठ्यानं तो जपून ठेवला. एक-दोन वर्षं नव्हे, तब्बल सत्तर वर्षं. पुढं असे आणखी काही सेंट उजेडात आले आणि त्यांचं खरेपण मान्य झालं. २०१८ मध्ये ल्युट्स गेले आणि काही महिन्यांनी नाण्याचा लिलाव झाला. पैसे गेले त्यांच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाला.

ही गोष्ट ऐकून साहजिकच अनेकांचे हात शिवशिवले. पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा चढवणारे आले, १९४८ मधला ८ कोरून ३ करणारे आले. पहिली परीक्षा अगदी सोपी: लोहचुंबक. चिकटला तर पोलाद. नाही चिकटला तर वजन. पोलादी सेंट २.७ ग्रॅमचा, तांब्याचा ३.११ ग्रॅमचा. पण कोरीव ३ या दोन्ही परीक्षांत पास होतो, तो पकडायला भिंग आणि जाणकाराचा डोळाच लागतो.

कधी कधी सरकारी डोळाही फसतो, बरं का. १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत एक ठसा तयार करताना अक्षरं दोनदा उमटली आणि त्यातून दुहेरी अक्षरांचे सेंट निघाले. नेमकी त्याच सुमारास तशीच बनावट नाणी बाजारात आली होती. झालं! सरकारी यंत्रणेनं खऱ्या नाण्यांतलीही काही खोटी समजून जप्त केली. जी वाचली त्यांचा भाव काय विचारता? २००७ मध्ये एका संग्राहकाला जुन्या सेंटच्या गुंडाळीत एक मिळालं, ते पुढच्याच वर्षी १ लाख २६ हजार ५०० डॉलरना गेलं.

घाईतला ठसा

आता ब्रिटन. ऑनसाईट गेलेल्या आणि तिथल्या भाड्याच्या घरात बरणीभर पेनी साठवणाऱ्या मंडळींनी इथं जरा लक्ष द्यावं. २००८ मध्ये तिथल्या नाण्यांचं डिझाइन बदललं. वीस पेन्सच्या नाण्यावरचं साल मागच्या बाजूवरून राणीच्या बाजूला आलं. पण एका खेपेत मागची बाजू नवी आणि राणीची बाजू जुनीच लागली. परिणाम? दोन्हीकडे साल नाही! ब्रिटनमध्ये तीनशेहून अधिक वर्षांत पहिल्यांदाच बिनसालाचं नाणं लोकांच्या खिशात पोचलं. २००९ मध्ये एका नाणेविक्रेत्या कंपनीनं प्रत्येक नाण्यामागे पन्नास पौंड देऊ केले, आणि देशभर लोक पर्स उलट्या करून बसले.

क्यू गार्डन्सच्या पन्नास पेन्सची गोष्ट याहून मजेशीर, कारण त्यात चूक नव्हतीच. या बागेला २५० वर्षं झाली म्हणून २००९ मध्ये पॅगोडाचं चित्र असलेलं नाणं निघालं, फक्त २ लाख १० हजार. हा आकडा कुणाच्या ध्यानात नव्हता, म्हणून लोकांनी ते आरामात खर्च केलं. २०१४ मध्ये रॉयल मिंटनं त्याचं दुर्मीळपण जाहीर केलं आणि पन्नास पेन्सचे एकदम शंभर पौंडांच्या वर गेले. या नाण्याचा विक्रम आता मोडला आहे. राजा चार्ल्स यांचा चेहरा आणि मागे सामन मासा असलेलं २०२३ चं पन्नास पेन्सचं नाणं केवळ २ लाख आहे आणि ते आजही कुणाच्याही खिशात असू शकतं.

आपल्या पाकिटात काय?

आपल्याकडच्या नाण्यांवर वाचायला बरंच काही असतं, फक्त ते बारीक असतं. सालाखाली बघा. चौकटीच्या एक्क्यासारखं चिन्ह असेल तर नाणं मुंबईचं, तारा असेल तर हैदराबादचं, गोल टिंब असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. मुंबईची टांकसाळ म्हणजे फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोरची. रोज हजारो लोक तिच्यासमोरून ऑफिस गाठतात. जुन्या रुपयांत कधी सालाखाली इंग्रजी एच सापडतो. १९८५ मध्ये चिल्लरीची टंचाई झाली, तेव्हा बर्मिंगहॅमहून पाडून आणलेला हा रुपया. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मेक्सिको, प्रिटोरिया, स्लोव्हाकिया असे दूरदूरहून रुपये आले. वेगवेगळ्या देशांच्या टांकसाळी आपल्याच गल्ल्यातून गोळा करायच्या, हा छंद आम्हाला तरी भलता स्वस्त आणि मस्त वाटतो.

पण ही नाणी भरपूर निघाली होती, त्यामुळे लखपती वगैरे विसरा. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या २०१२ च्या पाच-दहा रुपयांना दहा लाख मिळतात, हे फॉरवर्ड तुमच्याही फॅमिली ग्रुपवर कुण्या काकांनी टाकलं असेलच. त्यातली खरी गोम पुढं असते. ‘खरेदीदार’ फोन करतो, रक्कम कबूल करतो आणि आधी थोडी फी, मग कमिशन, मग टॅक्स भरायला सांगतो. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि लोगो वापरून हा धंदा इतका वाढला, की ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला जाहीर करावं लागलं: आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि कुणाला असली फी गोळा करायला नेमलेलंही नाही. नाणं विकताना पैसे तुमच्याकडे यायला हवेत. तुम्हीच पैसे भरत असाल तर फोन ठेवून द्या.

आपल्याकडे भाव खातात ते टांकसाळीतले घोळ: छाप एका बाजूला सरकलेला, कडेचा तुकडाच कापलेला, किंवा आधीचं नाणं ठशात अडकल्यामुळे पुढच्याच्या एका बाजूला उलटी, खोलगट प्रतिमा उमटलेली. असं काही दिसलं तर भाजीवाल्याला देऊ नका.

आणि पुण्यात असाल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर टाका. जुन्या कुलपांच्या, पितळी नळांच्या शेजारी काळपट तांब्याच्या नाण्यांचा ढीग दिसतो. त्यात शिवराई असते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. महाराजांनंतरही ही नाणी पाडली जात राहिली, पेशवाईत परवाना घेतलेल्या खासगी टांकसाळींतूनसुद्धा. त्यामुळे शुद्धलेखनाची पार वाट लागलेली आहे: कुठे शीव, कुठे सिव, कुठे सीव. साधी शिवराई दुर्मीळ नाही, पण या ढिगात कुठली अक्षरं नेहमीची आणि कुठली वेगळी, हे ज्याला कळतं तो पाच मिनिटांत हवं ते उचलतो. बाकीचे चकाकणारा ‘शिवकालीन सोन्याचा होन’ घेऊन घरी जातात. खरे होन फारच थोडे आहेत आणि ते फुटपाथवर मिळत नाहीत. १९३९ चा चांदीचा रुपया कुणी दाखवला तरी असंच सावध राहा. तो इतका दुर्मीळ आहे, की दुसऱ्या सालाच्या रुपयावर ९ कोरून विकायचा मोह अनेकांना झालाय. खरं नाणं कसं दिसतं ते आधी डोळ्यांत साठवायचं असेल, तर फोर्टातलं रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय किंवा नाशिकजवळ अंजनेरीचं नाणेसंग्रहालय गाठा.

एक शेवटचं, आणि हे आजच घरी सांगून ठेवा. सापडलेलं नाणं घासायचं नाही. चिंच नाही, लिंबू नाही, पितांबरी तर मुळीच नाही. वर्षानुवर्षं चढलेला काळपट थर संग्राहकाला हवा असतो आणि घासून लखलखीत केलेल्या नाण्याचा भाव जागच्या जागी पडतो. तुम्ही ऑफिसात असताना आईनं देवाच्या तांब्याबरोबर तेही चकचकीत करून ठेवलं, तर मग बोलायची सोय नाही.