पालथ्या घड्याचे बूड

शब्दांचे अर्थ सांगून पोट भरणाऱ्या माणसाने घरातल्या दुखण्यात शब्दकोश उघडू नये, हा धडा मी गेल्या पावसाळ्यात शिकलो. फी मात्र माझ्या पुतणीने भरली.

ती पहिल्या बाळंतपणासाठी हिंगोलीला आमच्या घरी आली होती. सातवा महिना. सोबतच्या सोनोग्राफीच्या कागदावर वारेपुढे 'फंडल' असा शब्द होता. सौ. म्हणाली, "अहो, एवढी पुस्तके वाचता, याचा अर्थ सांगा की!" एम. ए. झालेल्या माणसाला एवढे आव्हान पुरे. मी कोश काढला. मूळ लॅटिन शब्द 'फंडस', अर्थ, तळ. ऐटीत सांगितले, "वार तळाशी आहे."

सौ.चा चेहरा उतरला. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावर असली तर रक्तस्राव होऊन जिवावर बेतू शकते, हे तिने ऐकले होते. आणि ते खरेच आहे. तिने पोरीला अंथरुणावरून उठू दिले नाही. दोन दिवस पोर आढ्याकडे बघत पडून होती. दुसऱ्या रात्री तिने हळूच विचारले, "काका, बाळ राहील ना हो?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला. "सर, वार अगदी वर आहे. काळजीचे काही नाही."

मी कोशाचा दाखला दिला. त्या म्हणाल्या, "कोश बरोबर आहे. पण पिशवीचा तळ तिच्या तोंडाच्या समोर असतो. गर्भाशयाचे तोंड खाली, म्हणून तळ वर. घडा पालथा घातला की बूड कुठे जाते?"

'पालथ्या घड्यावर पाणी' हा वाक्प्रचार मी वर्गात किती वर्षे शिकवतो आहे! त्या दिवशी घडा मीच होतो.

माझी चूक का झाली? आपली समजूत देवळे पाहून घडलेली असते. इथून जवळच औंढा नागनाथ. तिथे खालचे काळे कोरीव दगडकाम यादवकाळाचे, वरचा भाग नंतरचा. जोते खाली, शिखर वर. पण शरीरशास्त्राचे देऊळ कुठल्याही बाजूला कलते. हृदयाचा रुंद तळ वर आणि मागे, टोक खाली डावीकडे. गुडघ्याच्या वाटीचेही तसेच: तळ वर, टोक खाली. फुप्फुसाचा तळ मात्र शहाण्यासारखा खाली. आणि डोळ्यांत औषध घालून डॉक्टर जो 'फंडस' पाहतात, तो बाहुलीच्या समोरचा, डोळ्याचा मागचा आतला भाग! म्हणजे शास्त्रात तळ ही दिशा नव्हे. तोंडाची किंवा टोकाची समोरची बाजू.

इंग्रजीतल्या एकाच 'बेस'साठी मराठीने किती शब्द योजले आहेत पाहा. त्रिकोणाला पाया, पानाला पर्णतल, रसायनशास्त्रात आम्लारी. मग 'फंडस'ला आपले साधे 'बूड' का नको? घडा रोज पालथा घालणाऱ्या बाईला ते ताबडतोब कळले असते.

यथावकाश मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. बारशाला कोणीतरी नावाचा अर्थ विचारला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "आधी डॉक्टरीणबाईंना विचारून येतो."