बोंगो, गिटार आणि दोन घराणी

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर येथे लग्नाची वरात निघाली की पुढे बेंजो पार्टी असते. वादक बेंजोवर ओळखीच्या चित्रपटगीताची चाल वाजवतो. ढोलक आणि ताशा त्याला साथ देतात. गाणारा कोणी नसतो. तरीही रस्त्याच्या कडेला उभी असलेली माणसे ते गाणे ओळखतात आणि मनातल्या मनात म्हणू लागतात. ज्या संगीतात शब्द नसतात, केवळ वाद्येच बोलतात, त्याला वाद्यसंगीत म्हणतात. हाच बेंजो तुम्ही कव्वालीतही ऐकला असेल. हे वाद्य मूळचे जपानचे आहे. ते 1912 साली तेथील नागोया शहरात तयार झाले. आपण मात्र त्याला कधीच परके मानले नाही.

वाद्यांचा प्रवास असाच असतो. गिटार हा शब्द पाहा. ग्रीक लोकांच्या एका तंतुवाद्याचे नाव 'किथारा' होते. अरबी भाषेत त्याचे 'कीतारा' झाले. अरबांबरोबर तो शब्द स्पेनमध्ये गेला आणि तेथे 'गितारा' झाला. तेथून तो जगभर पसरला. 'सितार' हा शब्द मात्र फारसीतील 'सेहतार' म्हणजे तीन तारा यावरून आला. उर्दू शिकणाऱ्या मुलांना हे सांगण्याची गरज नाही. 'तार' हा शब्द उर्दूत आणि मराठीत एकच आहे.

स्पेनचे लोक गिटार घेऊन अमेरिका खंडात गेले. मेक्सिको, क्युबा आणि दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांना मिळून आपण लॅटिन अमेरिका म्हणतो. क्युबामध्ये उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी आफ्रिकेतून माणसे पकडून नेली जात. त्यांना गुलाम केले गेले. त्यांची घरे, गावे, नावेसुद्धा हिरावून घेतली गेली; पण हातातला ताल कोणी काढून घेऊ शकले नाही. त्या तालातून आणि स्पेनच्या गिटारमधून एक नवे संगीत जन्माला आले. बोंगो म्हणजे गुडघ्यांमध्ये धरून वाजवायची दोन लहान ढोलकी. काँगा म्हणजे उंच, पिंपासारखा ढोल. मराकस म्हणजे दाणे भरलेले खुळखुळे. ही सारी त्या संगीताची वाद्ये आहेत.

या संगीताचा कणा म्हणजे 'क्लावे' नावाचा ताल. या स्पॅनिश शब्दाचा एक अर्थ किल्ली असा आहे. लाकडाच्या दोन लहान काठ्या एकमेकींवर आपटून तो वाजवतात. तुम्हीही तो बाकावर वाजवू शकता. एक ते सोळा असे आकडे सारख्या वेगाने मोजा आणि 1, 4, 7, 11 व 13 या आकड्यांवर टाळी द्या. पहिल्या आठांत तीन टाळ्या पडतात, दुसऱ्या आठांत दोन. आपल्या तीनतालातही सोळाच मात्रा असतात. त्याच्या टाळ्या 1, 5 आणि 13 वर पडतात आणि 9 वर खाली असते. म्हणजे माप एकच, पण कापड वेगळ्या ठिकाणी कापलेले. तीनतालाची पावले सारख्या अंतरावर पडतात. क्लावे मात्र मध्येच अडखळल्यासारखा करतो आणि लगेच सावरतो. त्या अडखळण्यामुळेच ऐकणाऱ्याचे पाय हलू लागतात. पहिल्या दिवशी हे जमत नाही. दोन मुलांनी मिळून करावे, एकाने मोजावे आणि दुसऱ्याने वाजवावे. सकाळच्या लोकलमध्ये डब्यातली भजनी मंडळी टाळ कशी सांभाळतात, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ते लवकर जमेल.

हा ताल मुंबईत कसा आला? त्यासाठी एका पारशी घराची ओळख करून घ्यावी लागेल. कावस लॉर्ड हे मुंबईतील तालवादक. चित्रपटसृष्टीत सारे त्यांना 'कावसकाका' म्हणत. बोंगो, काँगा, मराकस यांसारखी लॅटिन वाद्ये हिंदी चित्रपटसंगीतात रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्या काळी संगीतकार सी. रामचंद्र नव्या धर्तीच्या चाली करत होते. ते तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे, म्हणजे अस्सल मराठी माणूस. 1951 साली भगवान यांचा 'अलबेला' हा चित्रपट आला. त्याचे संगीत सी. रामचंद्र यांचे होते. त्यातील बोंगो आणि ट्रंपेट यांनी लोकांना अक्षरशः नाचवले. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट हे गोव्याचे होते. त्यांचे खरे नाव अँटोनियो झेवियर वाझ. ते आणि त्यांचे साथीदार या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. मराठी संगीतकार, पारशी तालवादक, गोव्याचा ख्रिस्ती ट्रंपेटवादक आणि क्युबाचा ताल! मुंबईचे चित्रपटसंगीत हे असे अनेक हातांनी घडले आहे.

कावसकाकांचे दोन मुलगे, केरसी आणि बर्जोर, हे वडिलांचेच शिष्य. बर्जोर यांना सगळे 'बुजी' म्हणत. ते ड्रम आणि व्हायब्राफोन वाजवत. केरसी यांचा जन्म 1935 चा. किशोरवयातच ते वडिलांबरोबर रेकॉर्डिंगला जाऊ लागले. तालवाद्यांपासून सुरुवात करून ते अकॉर्डियन आणि पुढे कीबोर्डपर्यंत पोचले. 1969 च्या 'आराधना' चित्रपटातील 'रूप तेरा मस्ताना' या गाण्यात जे अकॉर्डियन ऐकू येते, ते केरसी लॉर्ड यांचे आहे. ते गाणे पुन्हा ऐका. पण गायकाकडे लक्ष देऊ नका. शब्द थांबले की अकॉर्डियन कसे पुढे येते आणि शब्द येताच कसे मागे सरते, ते ऐका.

आता थोडे दूर जाऊ. लॉर्ड कुटुंबासारखेच एक कुटुंब मेक्सिकोत होते. होसे सांताना हे व्हायोलिनवादक. 'मारियाची' नावाच्या लोकसंगीतात ते वाजवत आणि त्यावर घर चालवत. 1947 साली त्यांना मुलगा झाला, त्याचे नाव कार्लोस. वडिलांनी त्याच्या हातात व्हायोलिन दिले, परंतु मुलाचे मन गिटारवर बसले. पुढे हे कुटुंब अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात गेले. तेथे रॉक संगीताचे दिवस होते. रॉक म्हणजे विजेची गिटार आणि जोरकस ड्रम. कार्लोसने त्यात काँगा आणि क्युबाचा ताल मिसळला. 1969 च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉक नावाचा प्रचंड संगीतमेळा भरला. सुमारे चार लाख लोक जमले होते. तेथे या बावीस वर्षांच्या मुलाने वाजवले आणि लॅटिन रॉक हे नाव सर्वांना माहीत झाले.

विजेच्या गिटारमध्ये आवाज कसा निर्माण होतो, हेही समजून घ्या. तिच्या तारा पोलादाच्या असतात. तारांखाली लोहचुंबक असते आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. तार थरथरली की वेटोळ्यात सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो. अँप्लिफायर तो प्रवाह वाढवतो आणि स्पीकर त्याचा पुन्हा आवाज करतो. साध्या गिटारचा सूर छेडल्यावर लगेच विरतो. विजेच्या गिटारचा सूर बराच वेळ टिकवता येतो, अगदी गवई आलापात सूर धरून ठेवतो तसा. कार्लोस सांताना यांची ओळख म्हणजे हा लांबवलेला सूर. त्यामुळे त्यांना शब्दांची उणीव भासत नाही.

कार्लोस यांचे धाकटे भाऊ होर्हे हेही गिटारवादक. त्यांचा 'मालो' नावाचा स्वतंत्र बँड होता. 1994 साली हे दोघे भाऊ आणि घरातील पुढच्या पिढीचा कार्लोस हर्नांडेझ एकत्र आले. तिघांनी मिळून 'सांताना ब्रदर्स' हा अल्बम काढला. तिघेही गिटार वाजवणारे! अशा वेळी मोठी अडचण असते. तीन माणसे एकदम बोलू लागली तर गोंगाट होतो. म्हणून एकाने बोलायचे आणि इतरांनी ऐकायचे. मग दुसऱ्याने उत्तर द्यायचे. कव्वालीत मुख्य कव्वाल आणि हमनवा यांची देवाणघेवाण चालते, तसाच हा प्रकार. या अल्बमचा बहुतेक भाग केवळ वाद्यसंगीताचा आहे. होर्हे सांताना 2020 साली निवर्तले. भावांच्या गिटारींचा संवाद त्या अल्बमात राहिला.

आपल्याकडेही गिटारवरील वाद्यसंगीत निघाले होते. लखनौचे व्हॅन शिपले मुंबईत आले आणि त्यांनी विजेच्या गिटारवर चित्रपटगीते वाजवून ध्वनिमुद्रिका काढल्या. त्यांच्या सोबतीला अनेकदा पुण्याचे अकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स असत. त्या ध्वनिमुद्रिकांवर वादकाचे नाव मोठ्या अक्षरांत असे. पण चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिकेवर गायक आणि संगीतकार यांची नावे असत. स्टुडिओत बसलेल्या वादकांची सहसा नसत. 'कावस लॉर्ड' हे नाव घराघरात पोचले नाही. त्यांचा बोंगो मात्र पोचला. मला हा अन्याय वाटतो. 2008 साली ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने मुंबईच्या या वादकांच्या मुलाखती घेऊन इंग्रजीत एक मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा कोठे त्यांतील अनेकांची नावे कागदावर आली.

केरसी लॉर्ड यांची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1973 साली त्यांनी 'मोग' सिंथेसायझर भारतात आणला. अमेरिकेतील रॉबर्ट मोग यांनी तो बनवला होता. पुष्कळ लोक त्याला 'मूग' म्हणतात, पण आपल्या मुगाच्या डाळीशी त्याचा काही संबंध नाही. या यंत्रात तार नसते आणि कातडेही नसते. विजेच्या कंपनांतूनच सूर तयार होतात. पुढे अशी यंत्रे स्वस्त झाली, त्यांना संगणकाची जोड मिळाली. ज्या गाण्यासाठी पूर्वी पन्नास-साठ वादक बोलावले जात, ते काम तीन-चार जणांत होऊ लागले. व्हायोलिन आणि ट्रंपेट वाजवणाऱ्या कितीतरी जणांचे काम कमी झाले. काहींनी याचा दोष केरसींना दिला तर नवल नाही. पण कावसकाकांनी बोंगो आणला, तेव्हा तोही नवाच आवाज होता, आणि केरसींच्या घरात नव्या आवाजाला दार बंद करण्याची रीत नव्हती.

2016 साली केरसी लॉर्ड यांचे मुंबईत निधन झाले. आज वरातीतल्या बेंजोशेजारी उभ्या स्टँडवर एक चपटे काळे यंत्र दिसते. त्याला ऑक्टोपॅड म्हणतात. वादक त्याच्या चौकोनांवर काठीने मारतो आणि एका चौकोनातून ढोलकाचा, दुसऱ्यातून बोंगोचा आवाज येतो.