फी माफ, तरी विट्याच्या मुलींसाठी इंजिनीअरिंगची वाट अवघड का? वाचा सविस्तर

विटा : आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. पूर्वी ही सवलत ५० टक्के होती. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ती वाढली. तरीही यंत्रमाग कामगाराची मुलगी आणि प्राध्यापकाची मुलगी एकाच जागेवरून सुरुवात करत नाहीत. फरक कुठे पडतो?

आधी पर्सेंटाइल
फी माफी कॅप फेरीतून प्रवेश घेतला तरच मिळते; मॅनेजमेंट कोट्याला नाही. हवे ते कॉलेज कॅपमधून मिळणे सीईटीच्या पर्सेंटाइलवर ठरते. सीईटीत गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत असतो. मराठी शाळेतून आलेल्या मुलीला अकरावी-बारावीत अभ्यास आणि भाषा दोन्ही पेलावे लागतात. क्लास, टेस्ट सिरीजचा खर्च वेगळाच.

मग कागदपत्रे
उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी, डोमिसाइल. घरात आधी कोणी कॉलेजला गेले असेल, तर ही यादी वेळेत कळते. खानापूर तालुक्यातील अनेक कुटुंबे सोने-चांदी गलाईच्या व्यवसायासाठी परराज्यांत आहेत. तिथेच दहावी-बारावी झालेल्या मुलांना 'टाइप ए'मधून अर्ज करता येत नाही. आई किंवा वडिलांच्या महाराष्ट्राच्या डोमिसाइलवर 'टाइप बी'चा मार्ग मात्र खुला असतो. अनेकांना तो माहीतच नसतो.

शेवटी राहणे-खाणे
सांगली किंवा पुण्यात प्रवेश मिळाला, तर खोली, मेस आणि लॅपटॉपचा खर्च फी माफीत येत नाही. त्यासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी स्वाधार अशा योजना आहेत. पण पैसे खात्यावर जमा होईपर्यंत खोलीचे डिपॉझिट घरातूनच भरावे लागते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हीच अडचण शंभर वर्षांपूर्वी ओळखली होती. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीरांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. पुढे 'कमवा आणि शिका'ची जोड दिली. शाळा उघडली तरी जेवणाची सोय नसेल, तर गरिबाचे पोर टिकत नाही, हे त्यामागचे गणित होते.

पालकांनी काय करावे?
जात पडताळणीचा अर्ज बारावीतच करा. उत्पन्नाचा आणि डोमिसाइलचा दाखला निकालाआधी काढून ठेवा. ऑप्शन फॉर्म भरताना कॉलेजच्या नावासोबत तिथे मुलींचे वसतिगृह आहे का, हेही पाहा.