धुळे कुणी आखलं, आणि स्लॅबचे टेकू कधी काढायचे?

धुळे शहराची आखणी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी केली, हे वाक्य धुळेकर इतक्या ठामपणे सांगतो की ऐकणाऱ्याला शंका घ्यायचीही लाज वाटावी. मात्र सनावळी मांडली की ते टिकत नाही. १८०३ च्या दुष्काळात ओस पडलेलं धुळे विंचूरकरांच्या पदरी असलेल्या बाळाजी बळवंतांनी पुन्हा वसवलं. १८१८ साली खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला आणि पुढच्याच वर्षी कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं केलं. मुलखाच्या मधोमध, मुंबई-आग्रा वाटेवर आणि पांझरा नदीच्या काठी, एवढी कारणं त्याला पुरेशी होती. जुन्या गावाशेजारी त्याने नवी पेठ आखली, बाहेरून कारागीर आणले, व्यापाऱ्यांना सवलती देऊन बोलावलं. आग्रा रोडच्या बाजूच्या, नावाऐवजी नंबराने ओळखल्या जाणाऱ्या सरळ गल्ल्या या आखणीची साक्ष देतात. नव्या धुळ्याची ही हकीकत खानदेश गॅझेटियरमध्ये १८८० सालीच छापून आली आहे. विश्वेश्वरय्या जन्मले १८६१ मध्ये, पुण्यात अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण झाले १८८३ मध्ये आणि नोकरीला लागले १८८४ मध्ये.

पण म्हणून त्यांचं धुळ्याशी नातं खोटं ठरत नाही. सहायक अभियंता म्हणून ते नोकरीच्या सुरुवातीलाच खानदेशात आले. साक्री भागातल्या दातर्तीजवळ पांझरेच्या पाण्यासाठी नळाचा सायफन बसवायचं काम त्यांच्याकडे होतं. ऐन पावसाळ्यात हे काम रेटायचं की पूर ओसरेपर्यंत थांबवायचं, यावरून वरिष्ठांशी त्यांची जुंपली. आपल्या आठवणींत त्यांनी ते लिहूनही ठेवलं आहे. शहर आखल्याच्या दंतकथेपेक्षा मला ही हकीकत जास्त मोलाची वाटते. कोणतं काम कोणत्या महिन्यात हातात घ्यायचं, कुणाच्या हुकमाने थांबवायचं आणि थांबल्याचा खर्च कुणाच्या माथी, हे ठरवणं म्हणजेच बांधकामाचं व्यवस्थापन. मोठ्या नावाच्या झगमगाटात नेमकं तेच दिसेनासं होतं.

दुसरं असंच मोठं नाव हेमाडपंतांचं. काळ्या दगडाचं, चुन्याशिवाय उभं असलेलं देऊळ दिसलं की 'हेमाडपंतांनी बांधलं' म्हणून आपण मोकळे होतो. हेमाद्रिपंडित हे यादव राजा महादेव आणि त्यानंतर रामचंद्र यांच्या दरबारातले, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. साक्री तालुक्यातल्या बळसाण्याची देवळं त्यांच्या आधीची आहेत. चाळीसगावजवळच्या पाटणच्या महेश्वर मंदिरात तर शके १०७५ चा, म्हणजे इ. स. ११५३ चा शिलालेखच आहे. त्यानुसार निकुंभ घराण्यातल्या इंद्रराजाने देऊळ सुरू केलं आणि ते पुरं झालं त्याचा मुलगा गोवन याच्या काळात. मालक बदलला तरी काम अर्धवट राहिलं नाही, हे आज घराच्या ताब्यासाठी बिल्डरकडे खेपा घालणाऱ्याला सांगून पाहा! चुना नाही म्हणून त्यात जादू आहे, असंही नाही. घडीव दगड नेमके बसवून, खाच आणि कूस जुळवून, वरचं वजन सरळ खाली उतरवलेलं असतं. हेमाडपंती हे आता बांधणीच्या रीतीचं नाव आहे. बांधणाऱ्याचा पत्ता म्हणून ते वाचू नये.

नियोजन, हिशेब, कामाची वाटणी हे सगळं साहेबाने शिकवलं, हाही एक समज. मोजमाप वही आणि टेंडर सरकारी बांधकाम खात्याबरोबर रुळले हे खरं. ते खातं गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात, १८५४ साली उभं राहिलं. कोणतं काम लांबलं तर सगळी इमारतच लांबेल, हे जाळं काढून दाखवणारी 'क्रिटिकल पाथ' पद्धत तर १९५७ च्या सुमाराची, अमेरिकेतली. पण पांझरा, मोसम आणि आरम नद्यांवरची पाणीवाटपाची फड पद्धत या सगळ्याच्या कितीतरी आधीची आहे. नदीत बंधारा, त्यातून निघणारा कालवा, कालव्याच्या चाऱ्या, चारीतून शेतात जाणारे सारंग आणि जादा पाणी परत सोडणारी सांडम. एका फडात, म्हणजे शेतांच्या एका पट्ट्यात, सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी शेतकऱ्याने स्वतः फिरवायचं नाही. ते पाटकरी फिरवणार. गाळ काढायला आणि डागडुजीला लाभधारकांनीच हात लावायचा. बंधारे शतकं टिकले ते दगडामुळे तितकेच या शिस्तीमुळे. धाब्याच्या घराचंही हेच. माती कच्ची म्हणून ते पडतं असं आपण म्हणतो, पण दर पावसाळ्याआधी धाब्यावर खारी मातीचा थर चढवणारे हात शहरात गेले की ते पडतं.

शिस्त नसेल तर काय होतं, याचं उदाहरण लांब शोधायला नको. जळगावच्या घरकुल योजनेत सुमारे ११ हजार घरं बांधायची ठरली होती. त्यातला मोठा भाग कधी उभाच राहिला नाही. ठेकेदाराला दिलेल्या बिनव्याजी आगाऊ रकमेवरून खटला झाला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं. त्यावर अपिलं झाली. काम रखडलं की आपण मजूर मिळत नाहीत, वाळू मिळत नाही असं म्हणतो. पण अनेकदा ते पाया खणण्याआधीच, कागदावर रखडलेलं असतं.

आता आपल्या स्वतःच्या प्लॉटवर येऊ. तापीच्या खोऱ्यातली काळी जमीन केळीला आणि कापसाला उत्तम, म्हणून ती घरालाही भक्कम, असं मानणारे आहेत. उलट आहे. ही माती पाणी धरते म्हणून कापूस पिकतो, आणि पाणी धरताना फुगते म्हणून भिंती तडकतात. पावसाळ्यात फुगणार, मे महिन्यात आटून हात जाईल इतक्या भेगा पडणार. या हालचालीचा फटका हलक्या, एक मजली घरालाच जास्त बसतो. मोठी इमारत निदान वजनाने तिला दाबून धरते. पाया काळीतून उतरून मुरमापर्यंत न्यावा, खणलेली काळी पुन्हा जोत्यात भरू नये आणि न्हाणीघराचं पाणी भिंतीच्या मुळाशी मुरू देऊ नये. काळी फार खोल असेल तर खाली फुगीर बुंधा असलेले पाइल घेतात. ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने आपल्याकडे रुजवली.

'मिस्त्री, सिमेंट सढळ टाका' हा मालकाचा आवडता हुकूम. सिमेंट वाढलं की उष्णता आणि आकसणं वाढतं, पर्यायाने भेगाही. भारतीय मानक आयएस ४५६ म्हणूनच घनमीटरला ४५० किलोची कमाल मर्यादा घालतं. ताकद ठरते ती सिमेंटला किती पाणी पाजलं यावर. डफ अब्रॅम्स या अमेरिकन संशोधकाने १९१८ साली ते दाखवून दिलं. घराच्या साध्या स्लॅबला ५० किलोच्या गोणीमागे साधारण २५ लिटर पाणी पुरतं, आणि ओल्या वाळूतलं पाणीही त्यातच धरायचं. प्रत्यक्षात काय होतं? माल घट्ट वाटला की मिक्सरवरचा गडी एक बादली वाढवतो. माल छान पसरतो, काम लवकर उरकतं, सगळे खूश. ती वाढीव बादली पुढे उडून जाते आणि तिच्या जागी बारीक पोकळ्या राहतात.

सिमेंट वाळल्याने घट्ट होतं, हा सगळ्यात चिवट गैरसमज. ते पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं; वाळलं की ती क्रिया थांबते. म्हणून साध्या सिमेंटला किमान ७ दिवस ओल हवी, कोरड्या कडक उन्हाळ्यात १०, आणि सध्या बहुतेक घरांत वापरतात त्या राखमिश्रित सिमेंटला १४ दिवसांची शिफारस आहे. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात सकाळी एकदा पाइप फिरवून भागत नाही, दुपारपर्यंत स्लॅब कोरडा ठणठणीत असतो. आळी करून त्यात पाणी साठवावं, कॉलमला ओली गोणपाटं गुंडाळावीत. काँक्रीट ओतायचंच तर उन्हं कलल्यावर किंवा भल्या पहाटे. ओतताना त्याचं तापमान ४० अंशांच्या वर जाऊ नये.

राहिले टेकू. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायची घाई असते, आणि भाडं वाचतं म्हणून मालकही मान डोलावतो. साध्या सिमेंटच्या साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस हलवायचे नाहीत, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस. बीमचा गाळा सहा मीटरपर्यंत असेल तर १४ दिवस, त्यापुढे २१. राखमिश्रित सिमेंट सावकाश ताकद धरतं, तेव्हा मुदत इंजिनिअरला विचारून वाढवायची. स्लॅब पडला त्या दिवशीची तारीख कॉलमवर रंगाने लिहून ठेवा. सेंट्रिंगवाल्याशी वाद घालायला तेवढा पुरावा पुरतो.