बेचाळीस अंशांच्या उन्हात इंटरकूलर

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर टाटाच्या जुन्या मालमोटारींच्या अंगावर ‘१६१३ टीसीआयसी’ अशी अक्षरं अजूनही वाचायला मिळतात. टर्बोचार्जर आणि इंटरकूलर दोन्ही बसवलेल्या इंजिनाची ती खूण. मालमोटार चालवणाऱ्यांना त्यामुळे इंटरकूलर चांगला ओळखीचा असतो. त्याचा पाइप फाटला की चढावर गाडी कशी मरते आणि मागे काळा धूर कसा सुटतो, हे त्यांनी अनुभवलेलं असतं. मोटारमालकांचं तसं नाही. नेक्सॉन, व्हेन्यू, फ्रॉन्क्स, टायगुन, थार अशा गाड्यांतून टर्बो पेट्रोल इंजिनं घरोघरी पोहोचली, डिझेलच्या स्कॉर्पिओ आणि फॉर्च्युनर तर आधीपासूनच दारात होत्या. पण बंपरच्या जाळीमागे लपलेला ॲल्युमिनियमचा हा चपटा डबा मालकाला दिसतो तो बहुतेक वेळा बिघाड झाल्यावर किंवा गाडीचा पिकअप वाढवायची हौस आल्यावर.

हौस आली की पहिला सल्ला मिळतो तो रिमॅपचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली आज्ञावली बदलून टर्बोचा दाब वाढवण्याचा. त्याला जोडूनच दुसरा सल्ला येतो: कंपनीचा इंटरकूलर काढा, बाजारातला मोठा टाका. बाजारात काही हजारांच्या ‘युनिव्हर्सल’ डब्यापासून लाखाच्या घरात जाणाऱ्या परदेशी मालापर्यंत सगळं मिळतं. यातला कोणता घ्यावा, हा प्रश्न सगळे विचारतात. त्याआधी घ्यायचा की नाही, हे ठरवायला हवं आणि त्यासाठी थोडं गणित करावं लागतं.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं तोंड तापतं, तेच टर्बोत प्रचंड वेगाने घडतं. हवा दाबली की तापते. मे महिन्यात नांदेडला पारा ४२ अंशांवर असताना टर्बोने बाहेरच्या हवेचा दाब दुप्पट केला आणि त्याच्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा सुमारे १४० अंशांवर असते. डिसेंबरातल्या १२ अंशांच्या पहाटे तीच गाडी, तोच दाब असेल तर हा आकडा १०० च्या आसपास राहतो. गरम हवा विरळ असते. सिलिंडरमध्ये तिचं वजन कमी भरतं, म्हणून इंधनही कमी जाळता येतं. पेट्रोल इंजिनात तर नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी पेटण्याचा धोका वाढतो आणि तो टाळण्यासाठी संगणक ठिणगीची वेळ मागे ओढतो. उन्हाळ्याच्या दुपारी ‘गाडी ओढत नाही’ अशी तक्रार येते, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं. लातूर नांदेडपेक्षा अडीचशे मीटरहून जास्त उंचावर, बालाघाटाच्या पठारावर आहे. तिथे पारा सहसा थोडा खाली राहतो, पण हवाही किंचित विरळ असते आणि तेवढाच दाब राखायला टर्बोला थोडं जास्त राबावं लागतं.

आता इंटरकूलर मध्ये आणू. टर्बोने हवेत घातलेल्या उष्णतेपैकी ७० टक्के उष्णता त्याने काढून घेतली, तर १४० अंशांची हवा ७२ वर येते. त्याच दाबाला तिची घनता सुमारे २० टक्क्यांनी वाढते. हा मोठा लाभ आहे आणि तो कंपनीने बसवलेल्या डब्यातच मिळालेला असतो. बाजारातल्या उत्तम इंटरकूलरने ७० ऐवजी ८० टक्के उष्णता काढली, तर हवा ६२ अंशांवर येते. घनतेतला फरक किती? अवघा ३ टक्के. उलट या नव्या डब्यातून जाताना हवेचा दाब जुन्यापेक्षा १ पीएसआयने जास्त घटला, तर साधारण २८ पीएसआयच्या एकूण दाबातले साडेतीन टक्के तिथेच गेले. मालकाच्या पदरात मग फक्त दहा अंशांचा गारवा पडतो. पेट्रोल गाडीत नॉकिंग टाळायला त्याचा उपयोग आहे. पण जाहिरातीत सांगितलेली वाढीव ताकद त्यातून निघत नाही.

म्हणूनच दोन इंटरकूलरांची तुलना करताना लांबी-रुंदी आणि चकाकी बाजूला ठेवून दोन आकडे मागावेत: बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान आणि डब्यात होणारी दाबाची घट. हे दोन्ही आकडे एकाच प्रवाहाला, एकाच दाबाला मोजलेले असले पाहिजेत. जर्मनीची वॅग्नर ट्यूनिंग, इंग्लंडची फोर्ज मोटरस्पोर्ट, स्वीडनची डू८८, अमेरिकेची मिशिमोटो या कंपन्या ठरावीक गाड्यांसाठी डबे घडवतात. त्यांच्या किमतीत त्या गाडीसाठी केलेल्या घडणीचा आणि चाचणीचा वाटा असतो. युनिव्हर्सल डब्यावर बहुतेक वेळा फक्त मापं छापलेली असतात. टेक्सासमधल्या बेल इंटरकूलर्सशी नाव जोडलेल्या कॉर्की बेल यांचं ‘मॅक्झिमम बूस्ट’ हे १९९७ चं पुस्तक टर्बोच्या हौशी लोकांत अजून वाचलं जातं, ते अशाच आकडेमोडीसाठी.

आतल्या जाळीची घडण हा पुढचा मुद्दा, आणि मराठवाड्यासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा. एका प्रकारात चपट्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये नागमोडी पातळ पत्री असते. इंग्रजीत त्याला ट्यूब अँड फिन म्हणतात. तो हलका असतो, बाहेरची हवा त्यातून सहज आरपार जाते आणि तापल्यावर तो लवकर निवतो. दुसऱ्या प्रकारात, बार अँड प्लेटमध्ये, पट्ट्या आणि पत्रे एकावर एक रचून भट्टीत जोडलेले असतात. तो जड आणि मजबूत असतो आणि उष्णतेचा अचानक आलेला लोंढा काही सेकंद आपल्या अंगात जिरवतो. शर्यतीतल्या छोट्या झेपेला हा गुण मोलाचा ठरतो. पण पाच माणसं आणि सामान घेऊन, एसी लावून, भर दुपारी अहमदपूरचे चढउतार करत शंभरच्या वेगाने तासभर गाडी पळवायची असेल, तर काही सेकंदांच्या साठवणुकीचा उपयोग नसतो. तिथे बाहेरची किती हवा जाळीतून सतत वाहते, यावर सगळं ठरतं.

या हवेचे वाटेकरी पुष्कळ. इंटरकूलर समोर असलेल्या गाडीत त्याच्या मागे किंवा शेजारी एसीचा कंडेन्सर असतो आणि सर्वांत मागे रेडिएटर. जाड बार अँड प्लेट डबा सगळ्यांच्या पुढे उभा केला, तर मागच्या दोघांना हवा कमी मिळते आणि मिळते तीही आधीच तापलेली. शिमल्याच्या थंडीत हे चालून जाईल. नांदेडच्या वजिराबादेत मे महिन्याच्या दुपारी गर्दीत गाडी अडकली की एसीचा गारवा उतरतो आणि पाण्याच्या तापमानाचा काटा वर सरकतो. परदेशी चाचण्यांत हा तोटा क्वचितच दिसतो, कारण त्या बऱ्याचदा वीस-पंचवीस अंशांत घेतलेल्या असतात.

डबा मोठा केला की टर्बोचा लॅग, म्हणजे पेडल दाबल्यावर जोर येईपर्यंतचा उशीर, वाढतो, अशी धास्ती गॅरेजांत ऐकू येते. ती थोडीच खरी आहे. दोन लिटरचं इंजिन २५०० फेऱ्यांना दर सेकंदाला चाळीसेक लिटर हवा ओढतं. डबा आणि पाइप मिळून पाच लिटर जागा वाढली, तरी ती भरायला सेकंदाच्या आठव्या भागाएवढाच उशीर होईल. लॅग त्याहून जास्त जाणवत असेल, तर बहुतेकदा कुठेतरी हवा गळते आहे.

इंटरकूलर कुठे बसवावा, यावरून इतिहासात मोठे प्रयोग झाले. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी पी-३८ विमानात सुरुवातीला पंखाच्या पुढच्या कडेतच इंटरकूलर होता. इंजिनाची ताकद वाढत गेली तसा तो अपुरा पडला आणि ‘जे’ आवृत्तीत तो इंजिनाखाली हलवावा लागला. पोर्शेने ९११ टर्बो १९७५ मध्ये आणली तेव्हा तिला इंटरकूलर नव्हता. १९७८ च्या ३.३ लिटर आवृत्तीत तो मागच्या स्पॉयलरखाली बसवला गेला. इंजिन मोठं झालं, हवा गार झाली आणि ताकद २६० वरून ३०० अश्वशक्तीवर गेली. भारतात २००९ मध्ये आलेल्या पहिल्या फॉर्च्युनरच्या बॉनेटवरचा उंचवटा हाही इंटरकूलरचाच श्वास आहे. तो इंजिनाच्या डोक्यावर बसतो आणि समोरून आत आलेली हवा त्याच्यावर पडते. गाडी पळते आहे तोवर ही रचना छान चालते. उभ्या गाडीत मात्र खालून इंजिनाची धग येते आणि डबा तापत राहतो.

चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयची गोष्ट निराळी आहे. २०१३ साली आलेली ही गाडी तरुणांत फार लोकप्रिय झाली आणि आजही जुन्या गाड्यांच्या बाजारात शोधली जाते. तिचा इंटरकूलर समोर नाही. तो थेट इनटेक मॅनिफोल्डच्या पोटात आहे आणि पाण्याने गार होतो. त्या पाण्याचं वेगळं चक्र, वेगळा विजेचा पंप आणि समोर वेगळा छोटा रेडिएटर असतो. टायगुन, कुशाक, व्हर्टस, स्लाव्हियाच्या एक लिटर इंजिनांतही हीच पद्धत आहे. अशा गाडीला समोर बसणारा डबा सरळ लावता येत नाही. सुधारणा करायची तर त्या छोट्या रेडिएटरची जाळी आणि पंप पाहावा लागतो. याउलट ऑक्टाव्हियाच्या १.८ आणि २ लिटर टीएसआयचा इंटरकूलर हवेने गार होणारा आहे, म्हणून वॅग्नरसारख्यांचे तयार डबे तिला मिळतात. गाडीची रचना न पाहता पैसे भरले की पार्सल हातात पडल्यावर हा फरक कळतो.

खरेदीआधी करण्यासारखं एक काम स्वस्त आणि हमखास गुणाचं आहे. कंपनीचाच डबा धुऊन, तपासून घेणं. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत लातूर-औसा भागातल्या रस्त्यांवर मळणीचा भुसा आणि काळ्या मातीची धूळ उडत असते. पुढे ऊसतोड सुरू झाली की पाचट उडतं. हे सगळं जाळीच्या नागमोडी पत्रीत जाऊन बसतं. त्यावर चिखल सुकला की हवेची वाट बंद होते. जाळीची ७० टक्क्यांची क्षमता ५० वर घसरली, तर ४२ अंशांच्या दिवशी आतली हवा ९१ अंशांवर राहते. नव्या आणि महागड्या डब्याने मिळणार होता त्याच्या जवळपास दुप्पट गारवा इथे धुळीमुळे गमावलेला असतो. धुताना पाण्याचा दाब कमी ठेवावा, शक्यतो मागून पुढे धुवावं. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर पत्री वाकते आणि वाट कायमची बंद होते.

गळतीही तितकीच महत्त्वाची. कंपनीच्या बऱ्याच डब्यांची दोन्ही टोकं प्लास्टिकची असतात आणि जाळीला दाबून बसवलेली असतात. वर्षानुवर्षं तापून निवून तिथे तडा जातो किंवा रबरी पाइप क्लॅम्पपाशी फाटतो. जोर दिला की शिट्टी वाजते, पिकअप पडतो, डिझेल गाडी काळा धूर टाकते. अनुभवी मिस्त्री पाइप बंद करून हवेचा हलका दाब देतो आणि साबणाचं पाणी लावून फुगे बघतो. आत थोडासा तेलाचा थर दिसला तर घाबरू नये. तेल साचून वाहत असेल तर टर्बोची सील तपासावी लागते. पूर्वी तांब्या-पितळेच्या रेडिएटरला डाक लावून काम भागायचं. ॲल्युमिनियमला आर्गन वेल्डिंग लागतं, आणि पातळ जाळीवर ते जमणारा कारागीर गाठीशी असणं हीसुद्धा मोटारमालकाची मिळकत आहे.

नवा डबा बसवलाच तर त्याचा गुण मोजता येतो. ओबीडीच्या, म्हणजे गाडीचा संगणक तपासायच्या, खाचेत ब्लूटूथचं छोटं उपकरण लावलं की मोबाइलवर आतल्या हवेचं तापमान दिसतं. मात्र ते कुठल्या सेन्सरचं आहे, हे आधी पाहावं. काही गाड्यांत हा सेन्सर टर्बोच्या आधी, एअर फिल्टरपाशी असतो. तिथला आकडा इंटरकूलरबद्दल काहीच सांगत नाही. मॅनिफोल्डवरचा सेन्सर हवा. मग तोच रस्ता, तीच वेळ, तोच गिअर, तेवढीच माणसं ठेवून बदलाच्या आधी आणि नंतर मोजावं, आणि दर वेळी बाहेरचं तापमान वजा करावं. गॅरेजवाला अशा नोंदी दाखवू शकत असेल तर तो विश्वासाचा.

रिमॅप न केलेल्या गाडीला मोठा इंटरकूलर घेणं हा पैशाचा अपव्यय आहे. रिमॅपने दाब बराच वाढवला असेल तर मात्र कंपनीचा डबा खरंच अपुरा पडतो. तेव्हा ठरावीक गाडीसाठी घडवलेला, मध्यम जाडीचा, ओतीव किंवा वेल्ड केलेल्या ॲल्युमिनियमच्या टोकांचा डबा घ्यावा. वॉरंटी त्यानंतर धोक्यात येते आणि विमा कंपनीलाही बदल कळवावा लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणाऱ्या बदलांना आडकाठी करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आरसीवर इंटरकूलरचा रकाना नसतो, पण धूर वाढवणारा रिमॅप प्रदूषण तपासणीत पकडला जाऊ शकतो.

पेट्रोलबाबत एक गोष्ट मराठवाड्याच्या जिव्हाळ्याची आहे. उसापासूनही होणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळलं जातं. वाफ होताना इथेनॉल पेट्रोलच्या जवळपास अडीच पट उष्णता शोषतं आणि नॉकिंगलाही जास्त दाद देत नाही. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनात त्यामुळे आतल्या आत थोडा गारवा मिळतो. मायलेज मात्र काहीसं घटतं.

इंटरकूलर आता शेतातही उतरला आहे. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले आणि त्या वर्गातल्या काही यंत्रांत टर्बोबरोबर इंटरकूलरही आला. ट्रॅक्टर तासन्‌तास पूर्ण ताकदीवर, संथ वेगाने, धुळीच्या ढगात चालतो. समोरून वारा येत नाही, सगळी भिस्त पंख्यावर असते. तिथे मोठा डबा टाकायचा विचारही करू नये. रोटाव्हेटरचं किंवा मळणीचं काम संपलं की इंजिन निवू द्यावं, समोरची जाळी उघडावी आणि कॉम्प्रेसरच्या हलक्या हवेने भुसा आतून बाहेर उडवावा.