धूरफवारणीने ॲलर्जी जाते का?

पावसाळ्यात डास वाढले की माण-हिंजवडीच्या पट्ट्यात धुराचं मशीन फिरतं. डिझेलमध्ये कालवलेलं कीटकनाशक तापवून केलेला तो पांढरा धूर डासांसाठी असतो. पण हल्ली घरात धुक्याचं मशीन फिरवून ‘ॲलर्जी घालवून देतो’ म्हणणारेही भेटतात. वर्गात दम्याचं मूल असेल तर पालक आपल्यालाच विचारतात, “करून घेऊ का, सर?”

आधी ॲलर्जी कशाची ते पाहू. घरातल्या धुळीतला मुख्य दोषी कोण, हे 1960 च्या दशकात हॉलंडमधल्या लायडन इथे फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी दाखवून दिलं. तो आहे माइट नावाचा जीव. कोळी-गोचिडांच्या कुळातला, आठ पायांचा, मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याएवढा. गादी-उशीत राहतो, आपल्या अंगावरून गळणारे त्वचेचे कण खातो. पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषून घेतो, त्यामुळे मुळशीकडचा दमट पावसाळा त्याला मानवतो. तो चावत नाही. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. म्हणजे औषधाने माइट मेला, तरी प्रथिनं गादीतच राहतात.

आता थोडं गणित, हवं तर मुलांकडून करून घ्या. विष्ठेची गोळी साधारण 20 मायक्रॉनची. शांत हवेत ती सेकंदाला सेंटिमीटरभर खाली येते. गादी झटकल्यावर उडालेल्या गोळ्या काही मिनिटांत खाली बसतात. धुक्याचा 10 मायक्रॉनचा थेंब सेकंदाला सुमारे 3 मिलिमीटर उतरतो. अडीच मीटर उंचीच्या खोलीत छतापासून जमिनीपर्यंत त्याला 14 मिनिटं लागतील. तो बसणार चादरीवर आणि फरशीवर. गादीच्या पोटात शिरणार कसा?

बरं, नुसता निरुपयोगी असता तरी चाललं असतं. पण फवारलेल्या रसायनांनी दम्याच्या मुलाच्या श्वासनलिका चिडू शकतात. कोव्हिडच्या काळात, मे 2020 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनेही खोल्यांमध्ये जंतुनाशकाचं धुकं सोडू नका असंच सांगितलं होतं.

मग करायचं काय? चादरी-अभ्रे दर आठवड्याला 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवायचे. माइट मरतात आणि प्रथिनंही वाहून जातात. गार पाण्याने माइट मरत नाहीत, पण प्रथिनं बरीच निघतात. गादीला कडक ऊन द्यायचं, मग ती बाहेरच बडवायची, मुलाला लांब ठेवून. (आपल्या आज्यांना प्रथिनं ठाऊक नव्हती, गाद्या मात्र त्या उन्हात घालायच्याच.) पावसाळ्यात ऊन कुठलं? तेव्हा घट्ट विणीची, चेनची खोळ उपयोगी पडते. केरसुणीने धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसलेलं बरं. भिंतीला ओल असेल तर गळती काढल्याशिवाय बुरशी हटत नाही.

या सगळ्याने त्रास कमी होतो, दमा बरा होत नाही. डॉक्टरांनी दिलेला पंप चालूच ठेवायला हवा, हे पालकांना स्पष्ट सांगा. आणि डासांचं मशीन गल्लीत आलं, की धूर विरेपर्यंत अशा मुलाला तिथून दूर न्यायला सांगा.