स्वतःच्याच वह्या तपासणारी ग्रंथकर्त्री

अद्भुत कथा वाचणें म्हणजे दिव्याचें तेल जाळून पदरांत कांहींच न पाडून घेणें, असें आमचें मत अध्यापनाच्या सबंध काळांत होतें, व तें आम्हीं कधीं लपवून ठेविलें नाहीं. एकदां रूपावलीच्या तासाला एक मुलगा बाकाखालीं असलेंच एक इंग्रजी पुस्तक वाचीत असतां सांपडला. आम्हीं तें जप्त केलें, आणि वार्षिक परीक्षा झाल्यावर परत मिळेल असें बजावलें. परीक्षेपूर्वींच त्याच्या वडिलांची बदली झाली. मुलगा गेला, पुस्तक आमच्या कपाटांत राहिलें. सेवानिवृत्तीनंतर कपाट आवरतांना तें नातीच्या हातीं लागलें. तिनें दोन दिवसांत वाचून संपविलें, आणि आजोबा हें वाचीपर्यंत त्यांच्याशीं बोलावयाचें नाहीं असा निश्चय घरांत जाहीर केला. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. कोश शेजारीं ठेवून, अडेल तेथें अबोला मोडून नातीलाच विचारीत, आम्हीं तें दीड महिन्यांत पुरें केलें. कर्त्रीचें नांव उर्सुला ले ग्विन. त्यानंतर या बाईंचीं आणखी सहा-सात पुस्तकें आम्हीं वाचलीं. त्यांची कल्पनाशक्ति मोठी खरीच. पण आम्हांस अधिक वाटलें तें हें कीं, स्वतःच्या गाजलेल्या ग्रंथांतील चूक उमगतांच ती चारचौघांत कबूल करून त्या दुरुस्त करीत गेल्या. चाळीस वर्षें दुसऱ्यांच्या चुकांखालीं तांबडी रेघ ओढणाऱ्यास हा गुण किती दुर्मिळ आहे तें ठाऊक असतें.

बाईंचा जन्म २१ ऑक्टोबर १९२९ रोजीं कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें झाला. वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्राचे नामांकित प्राध्यापक. तेथील मूळच्या रहिवाशांच्या भाषा व चालीरीती टिपून ठेवण्यांत त्यांचें आयुष्य गेलें. आई थिओडोरा यांनीं १९६१ सालीं इशी नांवाच्या माणसाचें चरित्र प्रसिद्ध केलें. गोऱ्या वसाहतवाल्यांनीं ज्या जमातीचा संहार केला तिच्यांतला हा अखेरचा माणूस १९११ सालीं ऑरोव्हिल गांवीं एकटाच येऊन उभा राहिला, आणि सॅन फ्रॅन्सिस्कोच्या संग्रहालयांत राहून १९१६ सालीं वारला. परक्यास स्वतःचें नांव सांगणें त्याच्या रीतींत बसत नव्हतें. 'इशी' हा त्याच्या भाषेंतला 'माणूस' या अर्थाचा शब्द. हांक मारावयास कांहीं तरी हवें म्हणून क्रोबरसाहेबांनीं तोच लाविला. खरें नांव तो आपल्याबरोबर घेऊन गेला. वाचकांनीं ही हकीकत ध्यानांत ठेवावी.

रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवी १९५१ सालीं व कोलंबिया विद्यापीठाची एम्. ए. १९५२ सालीं घेऊन बाई १९५३ मध्यें शिष्यवृत्तीवर फ्रान्सला निघाल्या. बोटीवर चार्ल्स ले ग्विन या इतिहासाच्या अभ्यासकाशीं ओळख झाली, आणि डिसेंबरांत पॅरिस येथें लग्नहि झालें. पुढें ऑरेगॉन प्रांतांतील पोर्टलंड शहरीं बिऱ्हाड थाटलें. तीन मुलें झालीं. मुलें निजल्यावर लिहावयाचें, आणि लिहिलेलें संपादकांकडून साभार परत यावयाचें, असा क्रम पुष्कळ वर्षें चालला. मोबदला देऊन घेतलेली पहिली कथा १९६२ सालची, आणि पहिली कादंबरी 'रोकॅनन्स वर्ल्ड' १९६६ सालची, म्हणजे वयाच्या सदतिसाव्या वर्षांतली. १९६९ सालीं पुरुषांसाठीं निघणाऱ्या एका अमेरिकन मासिकानें त्यांची कथा स्वीकारली, पण बाईमाणसाचें नांव पाहून वाचक बिचकतील म्हणून नुसतीं आद्याक्षरें छापण्याची परवानगी मागितली. त्यांनीं ती दिली. ही मागणी तेव्हां इतकी हास्यास्पद वाटली कीं तिच्यांत कांहीं महत्त्वाचें आहे हें आपल्या लक्षांतच आलें नाहीं, अशा अर्थाचें त्यांनीं मागाहून लिहिलें आहे.

आमच्या कपाटांत अडकून पडलेलें पुस्तक तें 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'. बर्कलीच्या पार्नासस या लहानशा प्रकाशनसंस्थेनें मोठ्या मुलांसाठीं कांहीं लिहून मागितलें, त्यावरून तें १९६८ सालीं निघालें. अर्थसी हें शेंकडों बेटांचें जग. तेथें मंत्रविद्या म्हणजे दुसरें कांहीं नसून नामज्ञान होय. प्रत्येक वस्तूला सृष्टीच्या आदिभाषेंतलें एक खरें नांव आहे. तें ज्याला कळलें त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. म्हणून माणसें व्यवहारांत टोपणनांवानें वावरतात, आणि खरें नांव केवळ जिवलगाच्या कानांत सांगतात. कथानायकाला जग ससाणा म्हणून ओळखतें. गेड हें त्याचें खरें नांव त्याला तेराव्या वर्षीं गुरूकडून मिळतें. हा भाग वाचतांना आम्हांस इशी आठवला, हें सांगावयास नकोच. पण त्याहूनहि आपलें घर आठवलें. आश्वलायन गृह्यसूत्रांत मुलाचें एक अभिवादनीय नांव सांगितलें आहे; तें मुंजीपर्यंत केवळ आईबापांस ठाऊक असावें. आमच्या आजीनें आजोबांचें नांव उखाण्यावांचून उभ्या जन्मांत उच्चारिलें नाहीं.

रोक बेटावरील मंत्रविद्येच्या पाठशाळेचें वर्णन तर आम्हीं दोनदां वाचलें. तेथें एका एकाकी मनोऱ्यांत नामाध्यापक बसतात आणि मुलांना नांवांच्या याद्या देतात. मध्यरात्रीं शाई आपोआप उडून कागद कोरा होतो. तत्पूर्वीं यादी मुखोद्गत झालीच पाहिजे! अमरकोश पाठ करून घेणाऱ्या शिक्षकास याहून प्रिय काय असणार? गेड हुशार, पण गर्विष्ठ. सहाध्यायाच्या ईर्ष्येनें भलताच मंत्र म्हणून तो एका छायेला जगांत मोकळी करतो, आणि ती त्याचा पाठलाग करूं लागते. शेवटीं तो उलट फिरून तिलाच गांठतो व नांवानें हांक मारतो. तें नांव त्याचें स्वतःचेंच असतें.

आणखी एक विशेष असा कीं, गेडचा वर्ण तांबूस-काळसर, त्याचा मित्र काळा, आणि चाल करून येणारे लुटारू तेवढे गोरे. १९६८ सालच्या अमेरिकेंत हें सहज नव्हतें. २००४ सालीं दूरचित्रवाणीवर ही कथा आली तेव्हां गेड गोराच दाखविला गेला. बाईंनीं जाहीरपणें निषेध केला.

१९६९ सालच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' या कादंबरीस ह्यूगो व नेब्युला हे दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले. गेथन नांवाच्या बर्फाळ ग्रहावर माणसें ना पुरुष, ना स्त्रिया. महिन्यांतील थोडे दिवस त्यांस यांपैकीं एक रूप येतें, आणि कोणतें येईल याचा नेम नसतो. त्यामुळें एकच व्यक्ति कांहीं मुलांची आई व कांहींचा बाप असूं शकते. तेथील राजालाच एकदां दिवस जातात. परग्रहाहून आलेला वकील आणि हद्दपार झालेला प्रधान हिमप्रदेशांतून स्लेज ओढीत जातात, तो भाग अप्रतिम आहे. परंतु बाईंनीं या सर्व लोकांस इंग्रजींतलें 'तो' हेंच सर्वनाम लाविलें. टीकाकार म्हणाले कीं, त्यामुळें प्रधान वाचकास पुरुषच भासतो. १९७६ सालच्या निबंधांत बाईंनीं आपली बाजू मांडली: नवें सर्वनाम बनवून भाषेची मोडतोड आपण करणार नाहीं. पण टोंचणी राहिली असावी. १९८९ सालच्या संग्रहांत त्यांनीं तोच निबंध पुन्हां छापला, जुना मजकूर तसाच ठेविला, आणि जागोजागीं स्वतःला खोडून काढणारी टीप जोडली. तत्पूर्वीं १९७५ मध्यें त्याच ग्रहावरील एका जुन्या कथेंत त्यांनीं सरसकट 'ती' घालून पाहिलें होतें.

येथें आमच्यांतला वैयाकरण जागा झाला. इंग्रजी लेखकाची अडचण सर्वनामापुरती, क्रियापद मोकळें. संस्कृतांत तर 'गच्छति' म्हटलें कीं जाणारा कोण हें झांकलेंच राहतें. कृदन्तें टाळलीं तर सगळी कथा लिंगावांचून सांगतां येईल. मराठींत मात्र 'गेला', 'गेली', 'गेलें' यांतून सुटका नाहीं. 'मी आलों' कीं 'मी आलें' म्हणतांच बोलणाराहि उघडा पडतो. 'तें मूल आलें' हें गोड वाटतें, पण राज्याचा प्रधान 'तें आलें' म्हटलें तर अपमान होतो. या कादंबरीचा मराठी अनुवादक काय करील, यावर नातीचा व आमचा वाद अजून मिटलेला नाहीं.

सर्वांत मोठी दुरुस्ती अर्थसीची. १९७१ व १९७२ सालीं त्या मालेचे आणखी दोन भाग निघाले. तिसऱ्यास नॅशनल बुक अवॉर्ड मिळालें. या तिन्हींत विद्या, पाठशाळा, पराक्रम सारें पुरुषांचें. बायकांची मंत्रविद्या क्षुद्र व दुष्ट, अशी म्हणच पहिल्या भागांत आहे. अठरा वर्षांनीं, १९९० मध्यें, बाई त्याच बेटावर परतल्या. 'तेहानू'मध्यें दुसऱ्या भागांतली टेनार आतां एका शेतकऱ्याची विधवा आहे, आणि आगींत ढकलून होरपळलेली एक अनाथ मुलगी तिनें संभाळली आहे. गेड सर्व सिद्धि गमावून परत येतो आणि शेळ्या राखतो. जुने वाचक चिडले. आमचेंहि स्पष्ट मत असें कीं, कांहीं पानांत गोष्ट थांबते व उपदेश सुरू होतो. तथापि भांडीं घासणें, मुलाला भरविणें, जखम धुणें या कामांची किंमत पहिल्या तीन भागांत कोठेंच नव्हती, ही बाईंची जाणीव खरी आहे. आमच्या घरांत हा भाग सौभाग्यवतींस सर्वांत आवडला. पहिला त्यांनीं अर्ध्यावर सोडिला होता. 'अर्थसीचा शेवटचा ग्रंथ' असें त्यावर छापलें होतें. तेंहि बाईंनीं मोडलें. २००१ सालीं आणखी दोन पुस्तकें आलीं, आणि त्यांतल्या 'दि अदर विंड'मध्यें मृतांच्या रुक्ष देशाची जी कल्पना त्यांनीं स्वतःच रचिली होती तिलाच त्यांनीं भिंत पाडून वाट दिली.

'द डिस्पझेस्ड' (१९७४) ही सरकार व मालमत्ता नसलेल्या समाजाची कादंबरी विद्वानांत फार मानली जाते; आम्हांस ती जड गेली. 'लॅव्हिनिया' (२००८) मात्र जरूर वाचावी. व्हर्जिलच्या महाकाव्यांत जिच्यासाठीं युद्ध होतें ती राजकन्या एक अक्षर बोलत नाहीं. बाईंनीं सबंध कथा तिच्या तोंडून वदविली. ऊर्मिलेसाठीं ज्याचा जीव कळवळला असेल त्याला ती आपली वाटेल.

२०१४ सालीं नॅशनल बुक फाउंडेशनचें सन्मानपदक स्वीकारतांना, पंचाऐंशींच्या उंबरठ्यावर पाय देऊन गेलेल्या या बाईंनीं समोर बसलेल्या प्रकाशकांनाच, ग्रंथ हा केवळ विक्रीचा माल नव्हे, असें सुनावलें. २२ जानेवारी २०१८ रोजीं त्या पोर्टलंड येथें वारल्या. त्याच वर्षीं 'पॅरिस रिव्ह्यू' या नियतकालिकांत 'फायरलाइट' ही त्यांची अर्थसीवरील लहानशी कथा प्रसिद्ध झाली. तिच्यांत गेड थकून आपल्या घरीं अंथरुणावर पडला आहे, आणि जवळ शेगडीच्या उजेडांत टेनार आहे.